एकीचाच पासपोर्ट

१

"पासपोर्ट गेला, मॅडम," एवढंच ते गृहस्थ फोनवर म्हणाले, पण आवाज इतका खोल गेलेला की मला वाटलं, घरातलं कुणी गेलं.

मी आपल्या देशाबाहेरच्या एका मोठ्या फर्टिलिटी क्लिनिकमध्ये परदेशी पेशंटांच्या टेबलावर बसते. मूल व्हावं म्हणून लांबलांबून जोडपी येतात. त्यांचा व्हिसा, राहायची जागा, इंजेक्शनं, डॉक्टर काय बोलले ते त्यांना समजावणं आणि ते काय बोलले ते डॉक्टरांना, हे सगळं माझ्या गळ्यात. आपल्या भाषेतलं कुणी आलं की क्लिनिकवाले डोळे मिटून माझ्याकडे ढकलतात. मला तोंड आहे आणि ते मी वापरते, त्यामुळे पेशंट जरा वचकूनच असतात. असू देत. वचकून असलेला पेशंट गोळ्या वेळेवर घेतो.

हे तिघं होते. बायको, नवरा आणि बायकोची थोरली बहीण. बायकोला घरात सगळे धाकटी म्हणत, म्हणून मीही म्हणायचे. थोरल्या बहिणीला अख्खी इमारत ताई म्हणू लागली होती, अगदी ज्यांना त्या शब्दाचा अर्थ माहीत नाही तेसुद्धा. नवऱ्याला मी मनातल्या मनात नवरोबा म्हणायचे. फोन त्यांचाच होता. माणूस पापभीरू, पण कुठेही उभा राहिला तरी वाटेत आल्यासारखा दिसायचा.

फोन ठेवला आणि तशीच निघाले. क्लिनिकच्या मागच्या गल्लीत पेशंटांसाठी फ्लॅट आहेत. खिडक्या चार बोटं उघडतात, पुढे लोखंडी खीळ. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. आत गेलं की मला स्वतःलाच गुदमरल्यासारखं होतं. धाकटी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. डॉक्टरांनी तिला रोज हिंडाफिरायला सांगितलं होतं, पण ह्या घरात ताईंचा कायदा डॉक्टरांच्या वर. बाहेर गार वारा, जिन्यात घसरायला होतं, फोन बघून डोकं तापतं. फोन ताईंच्या पर्समध्ये आणि धाकटी सोफ्यावर.

उद्या सकाळी तिचा गोठवून ठेवलेला गर्भ तिच्या पोटात ठेवायचा होता, ज्याला आम्ही ट्रान्सफर म्हणतो. तेवढा एकच शिल्लक होता. आणि इथला कायदा असा की ठराविक वय उलटलं की परदेशी बाईला ही ट्रीटमेंट मिळत नाही. धाकटीचा तो वाढदिवस पुढच्या महिन्यात. म्हणजे उद्या, नाहीतर कधीच नाही.

कपाटातल्या कापडी पाउचमध्ये तिघांचे पासपोर्ट एकत्र ठेवलेले. आज पहाटे तो पाउच उघडा पडलेला दिसला, म्हणून नवरोबांनी पासपोर्ट मोजले. दोन होते. धाकटीचाच नव्हता.

"उद्याचं होईल ना?" नवरोबांनी विचारलं. मी चप्पल काढेपर्यंत त्यांनी ते आणखी दोनदा विचारलं.

पासपोर्टवरचा फोटो आणि पेशंटचा चेहरा जुळवल्याशिवाय आमच्या ऑपरेशन थिएटरचं दार उघडत नाही, हे खरं. पण हरवलाच तर पोलिसांचा कागद आणि वकिलातीचं पत्र चालतं. वकिलातीत माझी ओळख आहे, दुपारपर्यंत जमवते, असं मी सांगितलं तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. ताईंनी पदराने कपाळ पुसलं आणि विचारलं, "आणि नवीन पासपोर्ट हातात यायला किती दिवस लागतात हो?"

बरेच लागतात, म्हटलं. मग मी घर धुंडाळलं. गाद्या उलटल्या, सोफ्याच्या फटीत हात घातला, उशा काढून झटकल्या, स्वयंपाकघरातले डबेसुद्धा उघडले. काही नाही.

कागद मिळाले असते आणि काम भागलं असतं. पण कुलूप शाबूत, कपाट शाबूत, पाउचमधले परदेशी पैसे जागच्या जागी, आणि तीन पासपोर्टांतला नेमका एक उचललेला. हे चोराचं काम नव्हतं. ह्या बाईच्या अगदी जवळ कुणीतरी हात मारला होता. फ्रीजमध्ये तिची औषधं होती. उद्या त्यांना हात लागला तर? ते कोण हे कळल्याशिवाय मी तिला टेबलावर झोपवणार नव्हते.

आणि एक गोष्ट मला केव्हाची टोचत होती. पासपोर्ट लागणार उद्या. मग आज पहाटेच तो पाउच कुणी उघडला, आणि कशाला?

२

आधी एजंटाला बोलावलं. ह्या एजंट लोकांवर माझा काडीचा विश्वास नाही. पेशंट उतरले की "सांभाळून ठेवतो" म्हणून पासपोर्ट काढून घेतात आणि शेवटचा हिशेब होईपर्यंत परत करायचं नाव काढत नाहीत. हा तर त्यातला मुरलेला. आला तोच घाम पुसत. त्याने पहिला प्रश्न विचारला तो स्वतःबद्दल, की क्लिनिकच्या यादीतून त्याचं नाव काढणार का.

मी त्याला फैलावर घेतलं. तो शपथेवर सांगू लागला की ह्या तिघांचे पासपोर्ट ताईंनी त्याच्या उरावर बसून कधीच परत घेतले होते. "त्या बाई माझ्या ऑफिसातून हलल्याच नाहीत मॅडम. माझ्या खुर्चीत बसल्या. मी उभा." हे मला पटलं, ताईंना मी ओळखत होते. शिवाय पेशंट इथे अडकली तर तिची राहायची सोय, तिकीट, सगळा डोक्याला ताप त्याचाच. त्याला यातून मिळणार काय? घाम त्याला नेहमीच येतो. त्याला हाकलून दिलं.

मग घरमालकीण. ही बाई खालच्या मजल्यावर राहते, प्रत्येक फ्लॅटची किल्ली तिच्या कमरेला, आणि दार वाजवायची पद्धत तिला ठाऊक नाही. चादरी बदलायच्या निमित्ताने आत येते आणि सगळ्यांची खबर घेऊन बाहेर पडते. तिची आणि पेशंटांची भाषा वेगळी, पण फोनमध्ये बोललं की फोन भाषांतर करतो, तेवढ्यावर तिचं चोख चालतं.

पासपोर्टचं म्हटल्यावर ती उखडलीच. कागदपत्रांना ती शिवत नाही, एवढ्या वर्षांत एकाही पेशंटची टाचणी इकडची तिकडे झालेली नाही. मी म्हटलं, बाई, तुमच्यावर आळ नाही घेत, पण तुमचे कान शाबूत आहेत ना? तशी ती खुशीत आली आणि मला जिन्याखाली ओढून घेऊन गेली.

काल संध्याकाळी ती चादरी घेऊन वर गेली तेव्हा धाकटी एकटी होती. पायात बूट, अंगावर कोट. तिने घरमालकिणीचा फोन मागून घेतला आणि त्यात काहीतरी बोलली. फोनने भाषांतर केलं: विमानतळावर जायला गाडी कुठे मिळते?

इतकी वर्षं हे काम करतेय. शेवटच्या दिवशी घाबरून पळालेल्या बाया मी पाहिल्या आहेत. नको म्हणायची सोय नसते, घरच्यांनी जमीनजुमला विकून पाठवलेलं असतं, मग त्या काहीतरी खुसपट काढतात. आपणच पासपोर्ट लपवला की कुणाला दोष न देता सुटका.

"हे तुम्ही कुणाला सांगितलंत?" मी विचारलं.

तिला यात काही वावगं वाटलं नव्हतं. नवरा आणि बहीण खरेदी करून परत येताना खालीच भेटले. तिने दोघांना उभं करून सांगितलं. दोघांचेही चेहरे उतरले, म्हणाली.

३

ताईंना मी वकिलातीचा अर्ज भरायला बसवलं आणि धाकटीला घेऊन आतल्या खोलीत गेले. दार लावलं. ती पलंगाच्या कडेला बसली, पाहुणी असल्यासारखी.

मी सरळच विचारलं. "आज पहाटे पाउच तू उघडलास. पासपोर्ट घेऊन निघणार होतीस. हो की नाही?"

तिने 'हो' म्हणून मान हलवली.

म्हणजे माझा तर्क तिथेच कोसळला. निघायला बसलेली बाई आपलाच पासपोर्ट लपवेल कशाला? तिला तर तो हवा होता. तो कुणीतरी तिच्या आधीच काढून घेतला होता.

"तुला हे मूल नकोय का? स्पष्ट बोल. मी तुझ्या घरची नाही, आणि क्लिनिकचीही अर्धीच आहे."

"हवंय हो," ती म्हणाली. "मला दुसरं काही सुचतच नाही इतकं हवंय. पण बाबा फोनवर येत नाहीत."

मग ती बोलत सुटली. वडील आधीपासून थोडे आजारी होते. इथे आल्यावर रोज फोन व्हायचा. गेल्या आठवड्यापासून एकदम बंद. आई बोलते, पण दोन वाक्यं, आणि फोन ताईला दे म्हणते. ताई म्हणते बाबांचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलंय. व्हिडिओ कॉल लाव म्हटलं तर नेट चालत नाही म्हणते. "घसा बसलेला माणूस खोकतो तरी ना, मॅडम? मला त्यांचा खोकलासुद्धा ऐकू आला नाही."

मी तिच्याजवळ पलंगावर बसले.

"सगळे माझ्यासाठी किती करतात, ते मला दिसतं. ताई माझ्या तोंडात घास घालायची तेवढी बाकी आहे. पण मला दाराबाहेर सोडत नाहीत, फोन देत नाहीत, आणि काही विचारलं की म्हणतात, तू फक्त आनंदात राहा. मला इथे कोंडल्यासारखं झालंय. म्हणून म्हटलं, जाऊन बघून येते. उद्याचं चुकलं तर चुकलं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बाहेर आले. नवरोबा जिन्यात उभे होते. हल्ली रोज संध्याकाळी फोन घेऊन ते जिन्यात जाऊन बसतात, हे घरमालकिणीने मला मघाशीच सांगितलं होतं. तिच्या मते त्यांचं बाहेर कुठेतरी लफडं असावं.

मी दार ओढून घेतलं. "तुमचे सासरे कसे आहेत?"

त्यांचा चेहरा असा काही वाकडातिकडा झाला की मला पुढचं ऐकावंसंच वाटेना. ते पायरीवर मटकन बसले.

"गेले," ते म्हणाले.

४

गेल्या आठवड्यात, झोपेतच. सगळं उरकलंसुद्धा. इकडे बातमी आली ती ताईंच्या फोनवर. त्यांनी जावयाला बाजूला घेतलं आणि धाकटीच्या कानावर ट्रान्सफर होईपर्यंत एक शब्द जाता कामा नये, असं वचन घेतलं. वडिलांचीच तशी इच्छा होती म्हणे. निघताना त्यांनी ताईंना सांगितलं होतं, माझं काही झालं तरी तिला मधेच उठवू नकोस, तिचं काम होऊ दे.

"मी दोनदा म्हटलं, ताई, सांगू या. तिचे वडील आहेत. ताई म्हणाल्या, माझे कुणी नव्हते का?" नवरोबा लहान मुलासारखे रडत होते. "पण पासपोर्ट मी नाही घेतला, मॅडम. आईच्यान नाही घेतला."

माझा आधी पारा चढला आणि मग उतरला. तिथेच कठड्याला टेकून मी जरा डोकं चालवलं.

सकाळपासून आम्ही सगळे एकच धरून चाललो होतो की ज्याला ट्रीटमेंट मोडायची आहे त्याने पासपोर्ट पळवला. पण मोडायचीच असती तर फ्रीज तिथेच होता, इंजेक्शनं सिंकमध्ये ओतली असती की काम झालं. आणि नवऱ्याच्या पासपोर्टशिवायही आमच्याकडे काही हलत नाही, तो का ठेवला? फक्त धाकटीचा गेला, कारण फक्त धाकटीला इथून निघू द्यायचं नव्हतं. हात मारणाऱ्याला ट्रान्सफर व्हायलाच हवी होती. त्याला अडवायचं होतं ते विमान.

विमानतळाची चौकशी कळलेली माणसं दोनच. एक माझ्यासमोर पायरीवर बसून नाक पुसत होता. त्याने सकाळी तीनदा विचारलं होतं, उद्याचं होईल ना? एजंटाने विचारलं होतं, माझं काय होईल? उद्याचं होईल का, हे एका माणसाने एकदाही विचारलं नव्हतं. तिने विचारलं होतं, नवीन पासपोर्ट यायला किती दिवस लागतात.

तरी हा नुसता तर्क होता. कुणाच्या तोंडावर मारायला तेवढा पुरत नाही. मग मी एक खोटं बोलायचं ठरवलं. मला त्याचा आनंद नव्हता, पण लाजही वाटली नाही.

नवरोबांना आत घेऊन गेले. ताई टेबलाशी अर्ज भरत होत्या. धाकटी अजून आतल्या खोलीतच होती. मी फोन कानाला लावला, "बरं, बरं" केलं आणि ठेवला. मग दोघांना सांगितलं की क्लिनिकने नियम बदललाय. कागद चालणार नाहीत. आज संध्याकाळपर्यंत मूळ पासपोर्ट दाखवला नाही तर उद्याची ट्रान्सफर रद्द.

नवरोबा पुन्हा कपाटाकडे धावले, पाउच उलटा केला, रिकामा पाउच झटकत राहिले. त्यांच्याजवळ पासपोर्ट असता तर तो त्या क्षणी बाहेर आला असता.

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. मुद्दाम वेळ लावला. नळ सोडला, पेला विसळला, परत विसळला.

"अगंबाई," बाहेरून ताईंचा आवाज आला. "हा बघा, इथेच तर होता. सोफ्याच्या फटीत."

५

मी बाहेर आले. ताईंच्या हातात पासपोर्ट होता आणि चेहऱ्यावर उसनं हसू. नवरोबा त्यांच्याकडे नुसते बघत राहिले.

"ताई," मी म्हटलं, "त्या फटीत सकाळी माझा हात कोपरापर्यंत गेला होता."

त्यांचं हसू तेवढं राहिलं, कारण ते काढायचं कसं हे त्यांना सुचेना.

"क्लिनिकने नियम बदललेला नाही. उद्याचं होणार आहे. पण आत्ता तुम्ही आत जाऊन तिला सांगणार आहात. नाहीतर मी सांगते. वडील गेल्याचं तिला माहीत नाही आणि मी तिच्याकडून 'माझी तयारी आहे' अशी सही घ्यायची, हे माझ्याने व्हायचं नाही."

आता त्यांना कंठ फुटला. हळू आवाजात, आतल्या खोलीत ऐकू जाईल म्हणून, पण अंगार होऊन बोलल्या. मला काय कळतं? मी बाहेरची. धाकटीने काय काय सोसलंय ते मी पाहिलंय का? दर वेळी रिकामी होऊन घरी यायची आणि हसून दाखवायची. बाबांनी शब्द घेतला होता. आज सांगितलं तर ती कोसळेल, उद्या शरीर साथ देणार नाही, आणि मग आयुष्यभर दोन्हीकडून रिकामी. "मी वाईट झाले तर होऊ दे," त्या म्हणाल्या. "एक दिवस राहिला होता हो. फक्त एक दिवस."

"काय सांगायचं आहे?"

धाकटी दारात उभी होती. कधीची, कोण जाणे.

ताई वळल्या. त्यांनी सांगायला तोंड उघडलं आणि नुसतंच "बाबा" म्हणाल्या, पुढे शब्द येईना. पण तेवढं पुरलं. धाकटी खाली बसली नाही, ओरडली नाही. कधी, एवढंच विचारलं. आईजवळ कोण आहे, ते विचारलं. मामा आहेत म्हटल्यावर मान हलवली. मी डोळ्यांनी तिची नाडी मोजत होते, सवय आहे ती.

मग ती बहिणीजवळ गेली.

"तू कुठे रडलीस?" तिने विचारलं.

ताईंना प्रश्न कळलाच नाही.

"रोज माझ्यासमोर बसलीस. मला हसवलंस. मी कधी तुझे डोळेसुद्धा लाल बघितले नाहीत. तू कुठे रडलीस, ताई?"

"बाथरूममध्ये," ताई म्हणाल्या. "नळ सोडून."

धाकटी तेव्हा रडली. दोघी एकमेकींना धरून सोफ्यावर कोसळल्या, आणि आम्ही दोघं, मी आणि नवरोबा, बिनकामाचे उभे राहिलो. मला चष्मा पुसावा लागला, ते मी कबूल करते.

बऱ्याच वेळाने धाकटीने तोंड धुतलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. उद्या मी येणार, म्हणाली. कुणाच्या शब्दासाठी नाही, मला हवंय म्हणून. डॉक्टरांना आज सगळं सांगा, ते म्हणतील ती तपासणी करून घेते. मग बहिणीकडे वळली. तिचा आवाज मऊ होता, पण मला त्याची भीतीच वाटली.

"तू आज संध्याकाळच्या विमानाने घरी जा. आईकडे."

"तुला सोडून? उद्याच्या दिवशी?"

"ताई, ज्या दिवशी फोन आला त्या दिवशी मला विचारलं असतंस, तर मी तुला हेच सांगितलं असतं. तू जा. माझ्या वतीनेही जा. आपल्यातली एक तरी बाबांजवळ पोचली असती."

ताईंनी तिच्याकडे बघितलं. त्यांनी धाकटीला कोंडलं, जावयाला कोंडलं, हे सगळं त्यांना दिसतच होतं आणि ते त्यांना मान्य होतं. पण स्वतःलाही त्यांनी उगाचच कोंडलं होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांच्या तोंडून असा आवाज निघाला की खालून घरमालकीण धावत वर आली.

संध्याकाळी एजंटाने गाडी आणली. तिकिटाची खटपट त्याने मुकाट्याने केली, एवढं मात्र म्हणायला हवं. ताई आत बसल्या तेव्हा धाकटी फाटकापर्यंत आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर थिएटरमध्ये होते. डॉक्टरांनी आदल्या दिवशी तिला तपासून होकार दिला होता. आमच्याकडे अशी पद्धत आहे की टेबलावर झोपल्यावर, लॅबमधून गर्भ बाहेर आणायच्या आधी, पेशंटला स्वतःच्या तोंडाने आपलं नाव, जन्मतारीख आणि वडिलांचं नाव सांगावं लागतं. चुकून एकीचा गर्भ दुसरीला जाऊ नये म्हणून. मी हे रोज ऐकते. त्या दिवशी नर्स पुढे आली तेव्हा मला आठवलं, की तिला आधी सांगायला मी विसरले होते.

नर्सने विचारलं. मी भाषांतर केलं. धाकटीने नाव सांगितलं, तारीख सांगितली, आणि थांबली. छताच्या दिव्याकडे बघत राहिली. नर्सने माझ्याकडे बघितलं. थांबा जरा, मी म्हटलं.

मग तिने वडिलांचं नाव सांगितलं. पूर्ण सांगितलं, आडनावासकट, मोठ्याने. नर्सला ते नीट ऐकू आलं नाही, ती म्हणाली पुन्हा सांगा. तिने पुन्हा सांगितलं. लॅबच्या लोकांनी पलीकडून ते तसंच उच्चारलं, अडखळत, आणि मधलं दार उघडलं.